अर्ध्यावर थांबणारं तेल

माझं माहेर मुरबाडकडचं आणि सासर शहापूर तालुक्यात, शेणव्याच्या पुढे. 'मुरबाडच्या पोरी तोंडाळ,' असं माझी सासू हळदीच्या दिवसापासून म्हणत आली. ते खोटं नव्हतं. आमच्या घरात सासूला आत्या म्हणतात, म्हणून मीही आत्याच म्हणायचे, पण लग्नाची पहिली दोन-तीन वर्षं त्या हाकेत माया कमी आणि धार जास्त असायची.

आमचा खरा तंटा सारवणावरून. घर मातीचं, पुढे पडवी, मधे मोठी खोली, मागे चूल. दर आठवड्याला सगळं सारवायचं, आणि ते मी एकटीने. आत्या शेतात माझ्या दुप्पट काम करायच्या. लावणीला दिवसभर वाकलेल्या असायच्या, रानातून मोळी आणायच्या, पण शेणाच्या बादलीला बोट लावायच्या नाहीत. 'माझ्यानं नाय होत,' एवढंच सांगायच्या. कंबर दुखते म्हणावं, तर लावणीत दुखत नाही आणि घरातच कशी दुखते? सून आणली ती याचसाठी, असं मी मनात म्हणायचे. कधी कधी मोठ्यानेही म्हणायचे. त्या ऐकून न ऐकल्यासारखं करायच्या आणि बाहेर अंगणात जाऊन बसायच्या.

नव्वदचं दशक सरत आलं होतं तेव्हा हायवेला एक रिसॉर्ट झालं. पोहायचा तलाव, झोके, आणि एका लांबलचक हॉलमध्ये बॉलिंग. मी बारावी पास होते, अक्षर बरं होतं, म्हणून मला बॉलिंगच्या काउंटरवर घेतलं. येणाऱ्यांना मापाचे बूट द्यायचे, नावं लिहून घ्यायची, कुणाचा चेंडू अडकला तर मागच्या मेकॅनिकला हाक मारायची. गावात ही नोकरी समजावून सांगताना माझा जीव मेटाकुटीला आला. 'तू बॉलिंग करतस, मंग बॅटिंग कोन करतो?' असं मला निदान दहा जणांनी विचारलं असेल. त्यातले तिघे तर घरचेच होते.

चार-सहा महिन्यांनी एका सकाळी मी जीपसाठी निघाले, तर आत्या चांगलं लुगडं नेसून दारात उभ्या.

"मला पन ने गो," त्या म्हणाल्या. "झाडू मारीन, लाद्या पुशीन. सांगशील ता करीन."

"तुम्हाला कशाला? घरी काय कमी आहे?"

"घरात बसला का मला भिंती दिसतात."

मला वाटलं, सून बाहेर पडली म्हणून हिलाही हौस. पण त्यांनी माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. त्या दिवशी मागितलं, आणि मागताना माझ्या डोळ्यांत पाहिलं नाही, म्हणून मी विरघळले. मॅनेजरसाहेबांकडे शब्द टाकला. ते म्हणाले, सहा महिने बघू, काम नीट केलं तर कायम करू, नाहीतर घरी. माझ्या शब्दावर घेतलंय हे लक्षात ठेव, असं वर मलाच ऐकवलं.

आत्या बदलल्या. रोज माझ्याआधी तयार. जीपमध्ये खिडकीशी बसायच्या आणि कुणाचं शेत नांगरून झालं, कुणी भातरोपांसाठी राब अजून भाजला नाही, सगळं मोठ्याने सांगायच्या. घरात तीन दिवसांत जेवढं बोलायच्या नाहीत, तेवढं शेणव्यापासून हायवेपर्यंत बोलून व्हायचं. रिसॉर्टमध्ये फरशी पुसतानाही त्या कधी गुणगुणायच्या. घरी मी त्यांना गुणगुणताना ऐकलं नव्हतं.

बॉलिंगची लेन म्हणजे साठ फूट लांबीची, चकचकीत लाकडाची पट्टी. एका टोकाला आपण उभं राहायचं, दुसऱ्या टोकाला दहा पिना. आत्या त्यांना बाहुल्या म्हणायच्या. पट्टीच्या दोन्ही बाजूंना पन्हळी. त्यात चेंडू गेला की फुकट. त्या पन्हळीला गटार म्हणतात हे कळल्यावर आत्या दोन दिवस हसत होत्या. "एवढा सोच्छ गटार आपल्या शापूरला एक तरी हाय का?" असं त्यांनी मॅनेजरलाही विचारलं होतं.

या पट्टीला रोज सकाळी तेल लावायचं असतं. पाहुण्यांना ते दिसत नाही, आणि बहुतेकांना माहीतही नसतं. आधी पट्टी कोरडी पुसून काढायची, मग खेळणारा उभा राहतो तिथल्या रेषेपासून पुढे पातळ तेल चोळत जायचं. मधे जरा जास्त, दोन्ही कडांना कमी. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे निम्म्याच्या थोडं पुढे गेलं की थांबायचं. पट्टीचा शेवटचा भाग कोरडाच ठेवायचा. पट्ट्या बसवायला आलेल्या माणसाने थांबायच्या जागी कडेला लाल चिकटपट्टीचा तुकडा लावून दिला होता. तेलाचं यंत्र पुढे येणार होतं. तोवर एक माणूस हे हाताने करायचा. तो नाशिकला निघून गेला, आणि मॅनेजरने विचारलं, हे काम कुणाला जमेल? मी आत्यांकडे बोट दाखवलं. थोडी गंमतही होती त्यात. घरी सारवत नाही ना, मग इथे सारवा म्हटलं.

आत्यांना लांब दांड्याचा पोचा दिला तर त्यांनी तो बाजूला ठेवला. "काठीनं कुठं सारवतात?" म्हणाल्या. पायात मोजे घालून, फ्लॅनेलच्या कापडाचा तुकडा घेऊन उकिडव्या बसल्या आणि डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे अर्धी वर्तुळं काढत सुटल्या. मी बघतच राहिले. एकासारखा एक फेर, मधे भरलेला आणि कडेला विरत गेलेला. वर्षानुवर्षं सारवलेल्या बाईचाच तो हात होता. म्हणजे हिला येतं, आणि चांगलं येतं! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

आमच्याकडे दर शनिवारी कल्याणहून एक गृहस्थ यायचे. बँकेतून निवृत्त झालेले, एकटेच, स्वतःचा चेंडू पिशवीत घालून कलिंगडासारखा सांभाळत आणायचे. आम्ही त्यांना चेंडूवाले साहेब म्हणायचो. आत्यांनी काम हाती घेतल्यानंतरच्या पहिल्याच शनिवारी ते चार चेंडू टाकून काउंटरवर आले.

"आज लेनला काय केलंय? बॉल वळतच नाही."

मला वाटलं, वय झालं, हात चुकत असेल. पण त्यांनी चेंडू माझ्यापुढे धरला. त्याच्यावर तेलाचा पट्टा होता. मग मला पिनांच्या बाजूने जाऊन शेवटच्या भागावर बोट फिरवायला सांगितलं. बोट चमकत होतं. तेल थेट बाहुल्यांच्या पायापर्यंत लावलेलं होतं.

साहेबांनी न रागावता समजावलं. चेंडू टाकताना ते त्याला एक गिरकी देतात. तेलावर चेंडू घसरतो, ती गिरकी नुसती साठून राहते. तेल संपलं आणि कोरडं लाकूड लागलं की चेंडू लाकूड धरतो आणि वळतो, आणि पिनांत तिरका शिरतो. तिरका शिरला की दहाही पडायची शक्यता वाढते. सरळ टाकणाऱ्याला फारसा फरक पडत नाही, पण वळवणाऱ्याचा सगळा खेळ त्या कोरड्या तुकड्यावर असतो. कडांना तेल कमी असतं तेही याचसाठी. बाहेर गेलेला चेंडू तिथे पकड घेऊन आत येतो, मधे टाकलेला घसरत सरळ राहतो. "न दिसणारे बांध असतात हे," ते म्हणाले.

मी आत्यांना बोलावून हेच सांगितलं. त्यांना माझ्याआधी कळलं.

"म्हनजे चिखलात पाय सरकतो नि बांधावर आला का धरतो. तसाच ना?"

"तसंच. मग लाल पट्टीला थांबायचं. पुढे तेल नको."

"बरा," आत्या म्हणाल्या.

पुढच्या शनिवारी शेवटच्या टोकाला पुन्हा तेल. जरा कमी, पण होतं. साहेब काही बोलले नाहीत, फक्त बॉल पिशवीत घालून लवकर निघाले. मॅनेजर मात्र बोलले. एक नेहमीचं गिऱ्हाईक असं तोंड पाडून गेलेलं त्यांनी पाहिलं होतं. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि सांगितलं, पुढच्या शनिवारी पुन्हा असं झालं तर तुझ्या सासूबाईंनी घरी बसायचं. सहा महिने थांबायची गरज नाही.

मी त्या आठवड्यात आत्यांशी जेवढं कडू बोलले तेवढं आयुष्यात कुणाशी बोलले नसेन. घरी तुम्ही सासू, इथे मी सांगणारी, ते पचत नाही म्हणून मुद्दाम करता. माझा शब्द मातीत घालायचा आहे तुम्हाला. घरात माझ्याकडून करून घेता आणि इथे दाखवता की तुम्हाला किती येतं. जे जे तोंडाला आलं ते बोलले. नवरा पाळीवरून आला होता, तो ताट तसंच ठेवून पडवीत गेला.  रात्रीच्या भाकऱ्या झाल्यावर आत्यांनी एवढंच विचारलं, "मला घरी बसवतील काय गो?"

"बसवतील," मी म्हणाले. "तुमच्या हाताने बसाल."

शुक्रवारी सकाळी हॉल उघडल्यावर मी काउंटरवर न जाता लेनच्या कडेला उभी राहिले. चोर पकडायचा हे ठरवलंच होतं. आत्यांनी पट्टी पुसली. तेल घेतलं. फेर काढत काढत लाल पट्टीपर्यंत आल्या आणि थांबल्या. माझ्याकडे पाहिलं. मी मुद्दाम पाठ फिरवली आणि बूट नीट लावल्यासारखं केलं. मग गर्रकन वळले. आत्या लाल पट्टीच्या पलीकडे गेलेल्या होत्या आणि हात चालूच होता.

मी धावत जाऊन त्यांचं मनगट धरलं. "थांबा म्हटलं ना! इथं थांबायचं! एवढं साधं का जमत नाही तुम्हाला?"

त्यांचा हात गार लागला. त्या रागावतील असं मला वाटलं होतं. पण त्या खाली त्या लाकडाकडेच बघत होत्या.

"अर्ध्यावर हात नाय उचलवत माझ्यानं," त्या म्हणाल्या.

मग तिथेच, उकिडव्या बसल्या बसल्या त्यांनी सांगितलं. माझे सासरे कसाऱ्याला मजुरीला जात. माझ्या लग्नाच्या सहा वर्षं आधीची गोष्ट. दिवाळी तोंडावर आली होती म्हणून आत्या मधली खोली सारवत होत्या. भिंतीकडून सुरुवात करून उंबऱ्याकडे येत होत्या. निम्मी खोली झाली होती तेव्हा दारात माणूस येऊन उभा राहिला. कामावरच छातीत कळ आली, दवाखान्यात न्यायच्या आत सगळं संपलं. आत्या शेणाच्या हातांनीच उठल्या. मग मयत आलं, माणसं आली, आणि तो ओला अर्धा भाग तुडवला गेला. पुढे कधीतरी शेजारणीने उरलेली खोली सारवून दिली.

"भितीकडं माझा हात नि उंबऱ्याकडं तिचा," आत्या म्हणाल्या. "सुकल्यावर दिसायचा तो सांधा. आमच्यात बाई सारवन अर्धा टाकून उठते ती वाईट खबर आल्यावरच. नायतर नाय उठत. मी तवा उठले. त्याच्यानंतर बादली घेतली का हात गार पडतो."

मी त्यांचं मनगट सोडलं. तीन वर्षं मी त्याच खोलीत, त्याच भिंतीपासून त्याच उंबऱ्यापर्यंत सारवत आले होते, आणि दर वेळी माझं तोंड चालू असायचं. सून आणली ती याचसाठी, हे मी त्या खोलीतच म्हणाले होते, आणि त्या उठून अंगणात जाऊन बसल्या होत्या. 'भिंती दिसतात' म्हणजे काय ते मला आता कळलं. मला इतकी लाज वाटली की डोळे वर होईनात.

मी म्हणू शकले असते की आत्या, माणूस तर आधीच गेला होता, तुमच्या उठण्याने नाही गेला. पण हे त्यांना माहीत होतंच. माहीत असून हात गार पडायचा.

मी त्यांच्याशेजारी खाली बसले.  मॅनेजरचे बूट जिन्यावर वाजतात का तेवढं कान देऊन ऐकत होते. मग त्यांच्या हातातला तेलाचा तुकडा काढून घेतला आणि माझ्या ओढणीच्या टोकाशी बांधलेलं कोरडं, धुतलेलं फडकं त्यांच्या हातात दिलं. काउंटर पुसायचं होतं ते.

"आत्या, तेल इथं थांबवायचं. हात नाही. हात बाहुल्यांपर्यंत न्या. कोरडाच न्या, पण पुरा करा."

त्यांनी फडक्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग आधी मी आणि त्यांनी मिळून पुढचं लागलेलं तेल पुसून काढलं. आणि त्या लाल पट्टीवर परत आल्या, कोरडं फडकं धरलं आणि तसेच फेर काढत गेल्या, डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, शेवटच्या बाहुलीपर्यंत. तिथे पोचल्यावर त्यांनी फडकं झटकलं, कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "झाला."

हॉलमधल्या चारही लेन त्यांनी तशाच केल्या.

दुसऱ्या दिवशी चेंडूवाले साहेब आले. मॅनेजरही हातांची घडी घालून काउंटरपाशी उभे राहिले. आत्या खांबामागे बादली घेऊन थांबल्या होत्या. पुसायला तिथे काहीही नव्हतं. साहेबांनी चेंडू पुसला, तीन-चार पावलं टाकली आणि सोडला. चेंडू कडेच्या बाजूने, जवळजवळ गटारावरून घसरत गेला. लाल पट्टी ओलांडली. क्षणभर तो तसाच जाणार असं वाटलं, आणि मग तो वळला. कुणी मागून हाक मारावी तसा वळला आणि बाहुल्यांत घुसला. दहाच्या दहा पडल्या.

"वळला गो!" आत्या खांबामागून ओरडल्या.

साहेब हसले. आणखी दोन चेंडू टाकून ते आमच्याकडे आले आणि विचारलं, तेल कुणी लावलं? लाल पट्टीच्या पुढे ते एकदम तुटत नाही, हळूहळू विरत जातं, हे कसं साधलं? कोरडं फडकं पुढे फिरवल्यामुळे लाल पट्टीजवळचं तेल थोडंसं ओढलं जात असणार, हे त्यांनीच मग सांगितलं. आम्ही तसं काही ठरवून केलं नव्हतं. मी आत्यांना पुढे ढकललं. साहेबांनी त्यांना नमस्कार केला. आत्यांनी बादली खाली ठेवून नमस्कार केला आणि लगेच बादली उचलून आत गेल्या. मॅनेजर मला म्हणाले, सोमवारनंतर सासूबाईंचे कागद घेऊन ये. पुढे यंत्र आलं तरी आत्या तिथे होत्याच. यंत्र फिरून गेल्यावर त्या फडकं घेऊन एकदा टोकापर्यंत जाऊन यायच्या, आणि कुणी त्यांना अडवलं नाही.

पण मला सांगायचं आहे ते त्या शनिवारनंतरच्या सोमवारचं. सोमवार आत्यांच्या सुटीचा. मला सुटी नव्हती. तो माझा सारवायचाही दिवस असायचा, कामावरून आल्यावर. जीपमधून उतरताना मी दमलेली होते. आज राहू दे, उद्या सारवू, असं म्हणत वाट चढले.

अंगणात आत्या बसलेल्या. बाजूला बादली. कोपरापर्यंत हात शेणाने माखलेले, तोंडावरही एक शिंतोडा. मी दारातून आत पाहिलं. मधली खोली भिंतीपासून उंबऱ्यापर्यंत ओली होती. सगळीभर तोच फेर, एकाच हाताचा. मधे कुठेही सांधा नव्हता. मी पाहत राहिले. नकळत आत जायला पाय उचलला.

"पाय देऊ नको गो," आत्या मागून म्हणाल्या. "ओला हाय अजून."